उपजत गेलेले मूल आणि चाळीस वर्षांचे मौन: ‘धिस इज अस’ पाहून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘धिस इज अस’ ही अमेरिकन मालिका घरातील सगळे मिळून पाहू लागले. पहिल्याच भागात तिळ्यांपैकी एक बाळ दगावल्याचे डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, त्या वेळी सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या आई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि त्या रात्री जेवल्या नाहीत. पुढे मावशींकडून कळले की थोरल्या भावाच्या आधी एक मुलगी, दिवस पूर्ण भरलेले असताना, उपजत गेली होती. त्याला चाळीस वर्षे उलटून गेली तरी घरात तिचा उल्लेख कोणी केलेला नाही. विचारणा दोन गोष्टींची आहे. मालिकेत दाखवलेले दुःख खरोखर असेच असते का, आणि आईंशी हा विषय काढावा की झाकली मूठ तशीच राहू द्यावी?

वियोगानंतरच्या समुपदेशनाचे काम मी बरीच वर्षे करीत आहे आणि ही मालिका मी पूर्ण पाहिली आहे, म्हणून दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्रच देतो. दुःख घरात कोठे आणि कोणाच्या वाट्याला जाऊन दडते हे या मालिकेने फार अचूक दाखवले आहे. ते बाहेर कसे येते हे मात्र तिने बरेच सोपे आणि देखणे करून टाकले आहे. आईंशी बोलावे असेच माझे मत आहे, पण ते मालिकेतील माणसे बोलतात तसे नव्हे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आवश्यक तेवढे कथानक सांगतो. डॅन फोगलमन यांची ही मालिका एनबीसी वाहिनीवर 20 सप्टेंबर 2016 ते 24 मे 2022 या काळात सहा पर्वांत आणि एकूण 106 भागांत प्रसारित झाली. पिट्सबर्गमध्ये राहणाऱ्या जॅक आणि रिबेका पिअर्सन यांना 31 ऑगस्ट 1980 रोजी तिळे होते. केव्हिन आणि केट वाचतात; तिसरा, ज्याचे नाव कायल ठेवायचे ठरलेले असते, तो मृत जन्मतो. त्याच दिवशी अग्निशमन केंद्राच्या दाराशी सोडून दिलेले एक कृष्णवर्णीय अर्भक त्याच रुग्णालयात आणले जाते, आणि तीन बाळांची तयारी करून आलेले हे दांपत्य त्याला दत्तक घेऊन तीन बाळांसह घरी परतते. तोच पुढचा रँडल. मुले सतरा वर्षांची असताना, जानेवारी 1998 मध्ये, घराला लागलेल्या आगीनंतर जॅकचा मृत्यू होतो. मालिका 1980, 1998 आणि मुलांची पस्तिशी-चाळिशी या काळांत एकाच भागात मागेपुढे जात राहते. अनेकांना ही रचना प्रेक्षकाला रडवण्यासाठी केलेली युक्ती वाटते आणि काही ठिकाणी ती तशी आहेही; परंतु जुने दुःख मनात कालक्रमाने राहत नाही, एखाद्या साध्या वासाने किंवा वाक्याने चाळीस वर्षांपूर्वीची दुपार आजच्या दुपारीत येऊन उभी राहते, हे त्या रचनेतून जितके स्पष्ट होते तितके सरळ कथनातून झाले नसते. आपल्या आई ज्या क्षणी उठून गेल्या तो क्षण त्यांच्यासाठी बहुधा मालिकेतला नव्हताच.

प्रथम कायलविषयी, कारण आपला प्रश्न तेथूनच निघाला आहे. प्रसूती करणारे वयस्क डॉक्टर कटाउस्की जॅकजवळ बसतात, आपलेही पहिले मूल असेच गेले हे सांगतात, आणि आयुष्याने दिलेल्या अत्यंत आंबट लिंबाचेही सरबत करता येते अशा अर्थाचे बोलतात. हे दृश्य फार गाजले, आणि ही भूमिका करणारे जेराल्ड मॅकरेनी यांना 2017 मध्ये एमी पारितोषिकही मिळाले. माझ्या मते त्या दृश्यातील उपदेशाचा भाग दुबळा आहे आणि त्याच्या आधीचा भाग मोलाचा आहे. डॉक्टर घाईने निघून जात नाहीत, वाईट बातमी नर्सवर सोपवत नाहीत, स्वतःच्या तोंडाने सांगतात आणि त्या माणसाशेजारी बसून राहतात. ज्या आईवडिलांची बाळे उपजत गेली त्यांना वर्षानुवर्षांनंतरही त्या वेळी कोण बसले आणि कोण निघून गेले हे तपशिलाने आठवते; कोणी काय उपदेश केला हे क्वचितच आठवते, आणि आठवलेच तर बहुधा रागाने.

त्या सरबताचा दुसरा अर्थ, म्हणजे गेलेल्या बाळाची जागा दुसऱ्या बाळाने भरणे, मालिकेच्या लेखकांनाही जाणवला असावा, कारण पहिल्या पर्वाच्या तिसऱ्याच भागात, ज्याचे शीर्षकच ‘कायल’ आहे, त्याचे परिणाम दिसू लागतात. दत्तक बाळालाही आधी कायल हेच नाव दिलेले असते आणि रिबेकाला त्या बाळाशी जवळीक साधता येत नाही. ती त्या बाळाच्या जन्मदात्या वडिलांना, विल्यमला, शोधून काढते आणि तो तिला या मुलाला त्याचे स्वतःचे नाव देण्यास सुचवतो. मग कवी डडली रँडल यांच्या नावावरून त्याचे नाव रँडल ठेवले जाते. हा छोटासा प्रसंग मी माझ्याबरोबर काम शिकणाऱ्यांना आवर्जून पाहायला सांगतो. गेलेल्या मुलाच्या जागी आणलेल्या किंवा लगेच जन्मलेल्या मुलावर नकळत काय लादले जाते याचे वर्णन अल्बर्ट आणि बार्बरा केन यांनी 1964 मध्येच केले होते. त्यांचा अभ्यास अगदी थोड्या कुटुंबांच्या निरीक्षणावर आधारलेला होता आणि त्यावरून सर्वांना एकच नियम लावणे चुकीचे ठरेल. तरीही त्यांनी टिपलेली गोष्ट प्रत्यक्षात पुन्हा पुन्हा भेटते. गेलेले मूल कधी हट्ट करीत नाही, कधी नापास होत नाही, आणि म्हणून जिवंत मुलाला त्याच्याशी बरोबरी करता येत नाही. रँडलचा परिपूर्णतेचा ध्यास, सर्वांचे सर्व काही आपणच सांभाळायचे हा त्याचा आटापिटा आणि पहिल्याच पर्वात त्याचे एका क्षणी पूर्ण कोलमडणे, यांचे मूळ मला पुष्कळ अंशी त्या पहिल्या दिवसात दिसते. त्याच्या आईवडिलांनी त्याच्यावर प्रेम कमी केले नाही. त्याला मिळालेली जागा मात्र आधीच कोणाच्या तरी नावाने राखलेली होती.

आपल्या घरात थोरले बंधू त्या मुलीच्या नंतर जन्मले आहेत, म्हणून हे इतके लांबवून लिहिले. ते लहानपणापासून अतिशय जबाबदार, किंवा उलट आईच्या काळजीखाली गुदमरलेले, असे काही असेल तर त्याचा संबंध येथे असू शकतो. असेलच असे नाही. आणि ही शक्यता त्यांच्यापुढे मांडण्याचा अधिकार आपल्याला किंवा मावशींना नसून आईंना आहे, हे कृपया लक्षात ठेवावे.

उपजत मूल गेल्याचे दुःख इतके खोल का दडते, याचे एक कारण असे की समाज ते दुःख म्हणून मोजतच नाही. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये अशा दुःखांचा एक स्वतंत्र वर्ग मांडला, ज्यांत शोक करण्याचा हक्कच मान्य केलेला नसतो. उपजत गेलेले मूल आणि आपोआप झालेला गर्भपात ही त्यांतली ठळक उदाहरणे. आपल्याकडे बहुतेक हिंदू घरांत तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात, आणि त्याचे श्राद्धही करीत नाहीत. या प्रथेमागे बाळ निष्पाप असते, त्याला सुटकेसाठी विधींची गरज नसते, अशी हळवी समजूत आहे. तिचा परिणाम मात्र असा होतो की आईला दुःख करण्यासाठी ना तिथी उरते, ना जागा, ना फोटो, ना नाव. बाळ कोठे पुरले हे बहुधा घरातील पुरुषांनाच ठाऊक असते, कारण बाळंतीण तेव्हा रुग्णालयात असते. त्यावर ‘अजून वय आहे, पुन्हा कूस उजवेल’ आणि ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ ही वाक्ये येतात. बोलणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण दूध येत असलेल्या बाईला ती वाक्ये ऐकावी लागतात, आणि पुढे वर्षभरात दुसरे मूल झाले की सगळे घर सुटकेचा श्वास टाकते व तो विषय मिटला असे ठरते. आपल्या आईंच्या बाबतीत नेमके काय घडले हे मला सांगता येणार नाही. त्या पिढीतील अनेक स्त्रियांच्या बाबतीत साधारण असेच घडलेले मी ऐकले आहे.

आता जॅकच्या मृत्यूकडे येतो, कारण मालिकेचे खरे सामर्थ्य मला तेथे दिसते. शेजाऱ्यांनी दिलेल्या जुन्या विजेच्या मंद-शिजवण्याच्या भांड्याच्या बिघडलेल्या बटणातून आग लागते. (हे दृश्य दाखवल्यानंतर अमेरिकेत लोकांनी आपापल्या स्वयंपाकघरातील तशा भांड्यांचा इतका धसका घेतला की त्या भांड्यांच्या एका नामांकित उत्पादकाला जाहीर खुलासा करावा लागला.) जॅक सर्वांना बाहेर काढतो, केटच्या कुत्र्यासाठी पुन्हा आत शिरतो, कुत्रा आणि घरातील काही आठवणीच्या वस्तू घेऊन जिवंत बाहेर येतो, आणि नंतर रुग्णालयात, धुराच्या परिणामाने हृदय बंद पडून, अचानक जातो. त्या क्षणी रिबेका बाहेरच्या यंत्रातून चॉकलेट घेत असते. डॉक्टर येऊन सांगतात तेव्हा ते तिच्या हातात असते, आणि कानावर पडलेले मनात न शिरल्यामुळे ती त्याचा घासही घेते.

या एका मृत्यूचे चार वेगवेगळे मृत्यू होतात, आणि मालिकेतील सर्वांत खरी गोष्ट मी हीच मानतो. केटच्या लेखी तो तिच्या कुत्र्यामुळे झाला. ‘बाबा माझ्यामुळे गेले’ हे ती टोबीला, आपल्या जोडीदाराला, पहिल्या पर्वाच्या शेवटी, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनी, पहिल्यांदा सांगते. केव्हिनच्या लेखी तो त्याच्या गैरहजेरीत झाला. तो त्या रात्री मैत्रिणीच्या घरी होता आणि वडिलांशी झालेल्या भांडणानंतर माफी मागायची राहून गेली होती. रिबेकाच्या लेखी तो ती दोन मिनिटे खोलीबाहेर असताना झाला. रँडलने त्या रात्रीनंतर घरातील कर्त्या पुरुषाची जागा इतक्या लवकर उचलली की त्याचे स्वतःचे दुःख बाजूलाच राहिले. चौघेही आपापला हिशेब इतरांपासून लपवतात आणि तो लपवण्यामागे एकमेकांवरचे प्रेमच असते, इतरांना आणखी त्रास नको ही काळजीच असते. अनेक वर्षे दडलेला शोक असलेल्या घरांत मला हेच आढळते. त्या घरांत रडणे कमी असते असे नाही. प्रत्येकाकडे घटनेचा एकेक तुकडा असतो, त्या तुकड्याला ‘जर मी तसे केले नसते तर’ असे वाक्य चिकटलेले असते, आणि ते तुकडे एका ठिकाणी कधी मांडले गेलेले नसतात. म्हणून अशा कुटुंबाला कोणी ‘मन मोकळे करा, रडून घ्या’ असा सल्ला दिला तर मला तो अपुरा वाटतो. रडण्यापेक्षा त्या रात्रीचा वृत्तांत चौघांनी मिळून एकदा जुळवणे अधिक उपयोगी पडते. कुत्र्यासाठी आत जायचे जॅकनेच ठरवले होते, डॉक्टरांनाही धोका दिसला नव्हता, हे केटने आणि रिबेकाने एकमेकींच्या तोंडून ऐकले तर त्याचे वजन निराळे असते.

आगीतील मृत्यू आणि शोक यांचा संबंध आमच्या शास्त्रात जुना आहे. 28 नोव्हेंबर 1942 रोजी बॉस्टन येथील कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबला लागलेल्या आगीत 492 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांच्या नातेवाइकांवर आणि वाचलेल्यांवर उपचार करताना एरिक लिंडमन यांनी 1944 मध्ये तीव्र शोकाच्या लक्षणांचे जे वर्णन लिहिले त्यात गेलेल्याविषयीची अपराधी भावना आणि लांबणीवर पडलेला शोक या दोन्ही गोष्टी आहेत. पिअर्सन कुटुंब पाहताना मला ते वर्णन आठवत राहिले.

स्मृतिदिनाचा भागही सांगण्यासारखा आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये प्रसारित झालेल्या त्या भागात जॅक गेला तो दिवस, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा दिवस, चौघेही दरवर्षी आपापल्या रीतीने पाळतात असे दिसते. रिबेका त्याच्या आवडीचा पदार्थ करते. केट त्याने चित्रित केलेली तिच्या गाण्याची जुनी टेप लावून एकटी रडते. रँडल तो दिवस मुलींबरोबर सणासारखा साजरा करतो. केव्हिन आजवर तो दिवस टाळतच आलेला असतो आणि या वर्षी प्रथमच वडिलांच्या अस्थी जेथे विखुरल्या त्या झाडापाशी जातो. यांतील कोणता शोक ‘बरोबर’ हा प्रश्नच चुकीचा आहे. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी 1999 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार निरोगी शोक करणारा माणूस दुःखाकडे वळणे आणि पुढच्या जगण्याकडे वळणे या दोहोंत येजा करीत राहतो. माणूस यांपैकी एकाच टोकाला अडकला तर अडचण सुरू होते. केट एका टोकाला अडकली आहे आणि रँडल दुसऱ्या, म्हणूनच दोघे एकमेकांना निर्दय किंवा दुबळे वाटू शकतात. घराघरांतील भांडणांचे हे फार मोठे कारण आहे. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये सांगितलेल्या पाच पायऱ्या अजूनही सर्वत्र शोकाचे वेळापत्रक म्हणून सांगितल्या जातात. त्या मुळात स्वतः मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांच्या मुलाखतींवर बेतलेल्या होत्या, आणि मागे राहिलेल्यांचा शोक त्या क्रमाने चालत नाही.

दुसऱ्या पर्वात केव्हिनच्या व्यसनमुक्ती केंद्रात होणाऱ्या कौटुंबिक बैठकीचा भाग मला विशेष आवडतो, कारण ती बैठक वाईट होते. केव्हिन सांगतो की वडील व्यसनी होते हे या घरात कोणी बोलत नाही. सगळे जॅकला देवाच्या जागी बसवून मोकळे झाले आहेत. रिबेका दुखावते, रँडल चिडतो, आणि समुपदेशक कोणताही चमत्कार घडवत नाही. नंतर तिघे भावंडे एकत्र बसून बोलतात तेव्हा कोठे काही हलते. गेलेल्या माणसाला निर्दोष ठरवले की त्याच्यावर रागावता येत नाही, आणि ज्याच्यावर रागावता येत नाही त्याचा निरोपही पूर्ण घेता येत नाही. बैठकीनंतरच्या दोन-चार दिवसांत घरी जे बोलणे होते त्यावर माझाही बैठकीतल्या बोलण्यापेक्षा अधिक भरवसा असतो.

दडलेली हानी मृत्यूचीच असावी लागते असे नाही, हे जॅकचा भाऊ निकी याच्या कथेवरून दिसते. सैन्यभरतीच्या सोडतीत नाव निघून निकी व्हिएतनामला जातो, तेथे त्याच्या हातून घडलेल्या स्फोटात एक लहान मुलगा मरतो, आणि जॅक पुढे आयुष्यभर घरी सांगत राहतो की भाऊ युद्धात गेला. निकी प्रत्यक्षात पेनसिल्व्हेनियातच जिवंत असतो. या जागी पॉलिन बॉस यांचे काम आठवते. त्यांनी 1970 च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांबरोबर अभ्यास सुरू केला आणि संदिग्ध वियोगाची कल्पना मांडली. माणूस शरीराने नाही पण मनात आहे, हा तिचा एक प्रकार; माणूस समोर बसलेला आहे पण आता तो ‘तो’ उरलेला नाही, हा दुसरा, जो स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरी दिसतो. या मालिकेत पहिल्या प्रकाराचे एक कृत्रिम रूप जॅक स्वतःच्या खोटेपणाने निर्माण करतो, आणि शेवटच्या पर्वांत रिबेकाला अल्झायमर होतो तेव्हा मुलांच्या वाट्याला दुसरा प्रकार येतो.

मालिका दिशाभूल करते ती येथे. प्रत्येक दडलेले दुःख योग्य वेळी, योग्य माणसासमोर, एका सुरेख आणि अखंड भाषणातून बाहेर पडते, संगीत सुरू होते, मिठी मारली जाते आणि पुढच्या दृश्यात माणूस हलका झालेला असतो. प्रत्यक्षात ते तुकड्यातुकड्यांनी आणि भलत्या वेळी येते. नातवाच्या बारशाच्या दिवशी आजी विनाकारण चिडते, कोणाच्या तरी डोहाळजेवणाला जायचे टाळते. विचारले तर ‘काही नाही’ म्हणते आणि तीन आठवड्यांनी भाजी निवडताना एक वाक्य बोलून पुन्हा गप्प होते. मालिकेतील भाषणे पाहून आपण आईंकडून तशा मोठ्या क्षणाची अपेक्षा ठेवली तर त्यांचे ते एक वाक्य हातातून निसटेल.

ज्यांचा शोक खरोखर अडकलेला असतो त्यांच्यासाठीचे उपचारही वेगळ्या वळणाचे आहेत, आणि योगायोग असा की त्यांचा पाया पिअर्सन कुटुंबाच्या पिट्सबर्गमध्येच घातला गेला. तेथील विद्यापीठात कॅथरीन शिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, शोकासाठी खास आखलेल्या उपचाराने 51 टक्के लोकांत सुधारणा झाली, तर नेहमीच्या आंतरवैयक्तिक, म्हणजे माणसामाणसांतील नात्यांवर भर देणाऱ्या, मानसोपचाराने 28 टक्के लोकांत. वयस्कांवर केलेल्या, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे प्रमाण 70.5 आणि 32 टक्के असे होते, म्हणजे वय झाले आता काय उपयोग, हे म्हणणे टिकत नाही. या उपचारात माणूस मृत्यूची हकिगत डोळे मिटून, आत्ता घडत असल्यासारखी सांगतो, ती ध्वनिमुद्रित केली जाते आणि घरी पुन्हा ऐकली जाते. केट दरवर्षी जी टेप लावते तिच्याशी याची तुलना करून पाहावी. तिच्या टेपमध्ये वडिलांचा आवाज आणि प्रेम आहे, ती रात्र नाही. म्हणून ती टेप कितीही वेळा लावली तरी कुत्र्याविषयीची तिची अपराधी भावना जागची हलत नाही. हा उपचार प्रशिक्षित व्यक्तीबरोबरच करायचा असतो, घरी करून पाहण्याचा तो प्रयोग नाही.

आणि तो प्रत्येकाला लागतही नाही. बहुतेक माणसे कोणत्याही उपचाराविना शोकातून वाट काढतात, आणि कॅमिल वर्टमन व रॉक्सन सिल्व्हर यांनी 1989 मध्येच दाखवून दिले होते की जो मोठ्याने रडला नाही त्याचे दुःख आत कुजत असणारच, हा समज पुराव्याने सिद्ध होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात दीर्घ शोकविकार हे निदान आहे; त्यासाठी किमान 6 महिने, आणि अमेरिकेतील वर्गीकरणानुसार प्रौढांसाठी 12 महिने, तीव्र ओढ किंवा गेलेल्याचाच ध्यास आणि त्यामुळे रोजचे जगणे अडणे आवश्यक असते. चाळीस वर्षे संसार, नोकरी, नातवंडे सांभाळलेल्या बाईंना एका रात्री जेवण गेले नाही, यावरून हे निदान होत नाही. त्या बहुधा आजारी नाहीत. त्यांना एक मुलगी होती, एवढेच.

आता बोलण्याविषयी. सर्वांदेखत, जेवणाच्या टेबलावर किंवा मालिका थांबवून विचारू नये. मावशींनी सांगितले हे लपवू नये, कारण आईंना ते पुढे कळतेच आणि मग विश्वास जातो. आधी मावशींना तशी कल्पना द्यावी. शेंगा सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना, दोघांची नजर कामावर असताना एवढेच म्हणावे: ‘आई, दादाच्या आधीच्या बाळाबद्दल मला कळलं. तुला कधी सांगावंसं वाटलं तर मला ऐकायचं आहे.’ आणि मग खरोखर गप्प बसावे. ‘कशाला उकरतोस’ असे उत्तर आले तरी ते शेवटचे उत्तर असेलच असे नाही. परंतु त्यानंतर पुन्हा विचारू नये, दार उघडे आहे हे त्यांना कळलेले असते. त्या बोलू लागल्या तर ‘कसे वाटले’ असे विचारण्यापेक्षा साधे तपशील विचारावेत: महिना कोणता होता, रुग्णालयात सोबत कोण होते, बाळ पाहायला मिळाले का, केस कसे होते, मनात एखादे नाव होते का. तपशील सांगता सांगता माणूस हवे तेवढेच आत जातो आणि हवे तेव्हा परत येऊ शकतो. ‘आपण काय चुकवलं’ हा प्रश्न त्यांच्या तोंडून आलाच तर घाईने ‘तुझी काही चूक नव्हती’ म्हणून तो मिटवू नये. त्यांना कोणती चूक वाटते ते आधी पूर्ण ऐकावे. चाळीस वर्षे मनात धरलेली ती गोष्ट अनेकदा अशी निघते की आजचे स्त्रीरोगतज्ज्ञ तिचा संबंध पाच मिनिटांत खोडून काढू शकतात.

वडील हयात असतील तर त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलावे. बाळाला नेऊन पुरणारे तेच असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ती जागा सांगितली तर बायकोला त्रास होईल म्हणून ते इतकी वर्षे गप्प असतील. दोघांकडे असलेले दोन तुकडे एकमेकांना ठाऊक नसणे ही अशा घरांतील सर्वांत नेहमीची गोष्ट आहे, आणि ते जुळवण्यात मुलांनी केलेली मदत बरीच उपयोगी पडते. आईंना त्या मुलीच्या नावाने काही करावेसे वाटले, दान, एखादे झाड, देवापुढे एक दिवा, तर रूढीत बसते की नाही याची चर्चा घरात करू नये. त्यांना काहीच करावेसे वाटले नाही तर आपणही सुचवू नये.

झोप उडणे, जेवण सुटणे, माणसांत जाणे टाळणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, यांतील काही दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. मरणाविषयीचे बोलणे असेल तर आठवड्यांची वाट न पाहता त्याच दिवशी. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.

राहिला प्रश्न मालिका पुढे पाहण्याचा. आईंना विचारूनच ठरवावे, आणि पुढे काय आहे हे आधी सांगावे, कारण अशा वेळी उत्कंठेपेक्षा पूर्वकल्पना महत्त्वाची असते. दुसऱ्या पर्वात केटचा गर्भपात होतो तो भाग त्यांना जड जाऊ शकतो. शेवटच्या पर्वात रिबेकाचा विसर वाढत जातो आणि तिचे जाणे जवळजवळ पूर्ण एका भागात दाखवले आहे. रिबेका आईंच्याच वयाच्या आसपास आहे, तेव्हा तो भाग त्यांना एकट्याने रात्री पाहू देऊ नये. तिसऱ्या पर्वापासूनची निकीची कथा मात्र त्या बहुधा सहज पाहू शकतील, आणि एखाद्या संध्याकाळी त्यावरून तुमच्या घरातही बोलणे निघू शकेल.